गच्चीवरच्या अँटेना आणि कोणी न दाखवलेला कागद

ताई, नमस्कार. नाव छापू नका म्हणालात म्हणून नाव घेत नाही, पण बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं पत्र थोडक्यात सांगते. डोंबिवली पूर्वेला पाच मजली, वीस फ्लॅटची जुनी सोसायटी, तुम्ही टॉप फ्लोअरला. दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलात आणि परत आलात तर गच्चीवर मोबाइलचा टॉवर, म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर पांढरे लांबट डबे आणि टाकीच्या बाजूला रात्रभर घुं घुं करणारं कपाट. सेक्रेटरी म्हणतात कमिटीनं ठरवलंय, महिन्याला पस्तीस हजार भाडं येणार, मेंटेनन्स वाढणार नाही, आणि रेडिएशन बिडिएशन सगळं थोतांड आहे. शेजारच्या काकू म्हणतात कॅन्सर होतो, आणि रोज सकाळी एक फॉरवर्ड पाठवतात. घरात चार वर्षांची मुलगी, सासूबाईंना पेसमेकर. नवरा म्हणतो कशाला वाकडं घ्यायचं सगळ्यांशी. न्यू जर्सीची बहीण म्हणते आमच्याकडे असलं चालवूनच घेत नाहीत. आणि तुमचा प्रश्न आहे की फ्लॅट विकू का भांडू.

फ्लॅट विकू नका, निदान या कारणासाठी तरी नको. भांडायचं मात्र आहे, पण ज्या मुद्द्यावर काकू भांडतायत त्या मुद्द्यावर नाही.

आधी तब्येतीचं बोलूया कारण तीच खरी धास्ती आहे. "डब्ल्यूएचओनं टॉवरला कॅन्सरच्या यादीत टाकलंय" असं जे फिरतं ना, त्यात अर्धं खरं आहे. २०११ च्या मे महिन्यात डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, फोन आणि टॉवर दोन्हींतून निघणाऱ्या रेडिओ लहरींना २बी गटात टाकलं. या गटाचा अर्थ कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही पण पुरावा मर्यादित आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. आणि तो निर्णय मुख्यतः फोन तासन्‌तास कानाला लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासावरून झाला होता, गच्चीवरच्या टॉवरवरून नाही. मग २०१८ मध्ये अमेरिकेत सरकारी एनटीपी कार्यक्रमानं उंदरांवरचा मोठा अभ्यास जाहीर केला, नर उंदरांच्या हृदयात ट्यूमर सापडले, काकूंच्या फॉरवर्डमध्ये ते असणारच. पण त्या उंदरांना रोज नऊ तास, दोन वर्षं, अख्ख्या अंगावर किलोमागे दीड ते सहा वॉट असा मारा होता, आणि माणसांसाठी अख्ख्या अंगाची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोमागे ०.०८ वॉट. त्यानंतर २०२४ मध्ये डब्ल्यूएचओच्याच सांगण्यावरून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या पुढाकारानं ६३ शोधनिबंध एकत्र तपासले गेले, त्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. टॉवर आणि ब्रॉडकास्ट अँटेनांच्या जवळ राहणाऱ्या मुलांमध्येही धोका वाढलेला दिसला नाही, फक्त तिथे काही बाबतीत पुरावा तितका भरभक्कम नाही हे संशोधकांनी स्वतःच लिहिलंय. मला हे असं उघड लिहिलेलं आवडतं. सेक्रेटरींनी थोतांड म्हणण्याऐवजी एवढं जरी सांगितलं असतं तरी तुमची निम्मी झोप परत आली असती.

५जी मुळे पक्षी मेल्याचं फॉरवर्ड सोडून द्या. नेदरलँड्समधल्या हेग शहरात २०१८ मध्ये पक्षी मेले हे खरं, पण ५जी ची चाचणी तिथे जूनमध्ये एक दिवस झाली होती आणि पक्षी मेले ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आणि "सुप्रीम कोर्टानं टॉवरनं कॅन्सर होतो हे मान्य केलं" हेही तसंच. २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका घरकाम करणाऱ्या गृहस्थांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानं शेजारच्या गच्चीवरचा बीएसएनएलचा टॉवर सात दिवसांत बंद करायला सांगितलं होतं, तो एका टॉवरपुरता आदेश होता, टॉवरमुळेच कॅन्सर होतो असा सिद्धांत कोर्टानं मांडला नव्हता.

आता तुमच्या गच्चीकडे येऊ. ते पांढरे लांबट डबे म्हणजे पॅनल अँटेना, साधारण तीन दिशांना तीन लावतात, आणि त्या लहरी समोर फेकतात, किंचित खाली झुकवून, म्हणजे मुख्य झोत जमिनीला टेकतो तो पन्नास ते दोनशे मीटर लांब जाऊन. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं अँटेनाच्या बरोबर खाली त्यातलं फार थोडं येतं आणि मध्ये तुमचा काँक्रीटचा स्लॅब आहे तो आणखी अडवतो. म्हणजे तुमच्या बेडरूमपेक्षा जास्त लहरी त्या समोरच्या बिल्डिंगच्या टॉप फ्लोअरला मिळत असणार जिची खिडकी तुमच्या अँटेनाच्या उंचीला आहे. आणि डोंबिवलीत दोन बिल्डिंगमध्ये अंतर किती असतं ते मी तुम्हाला सांगायला नको, कित्येक ठिकाणी या खिडकीतून त्या खिडकीत वाटी देता येते.

मला खरा राग इथे येतो. भाडं तुमच्या सोसायटीला आणि झोत समोरच्यांना. त्यांना ना ठराव कळला, ना कोणी विचारलं, ना त्यांना तुमच्या मीटिंगमध्ये हात वर करता येतो. दूरसंचार विभागानं २०१३ साली राज्यांना ज्या सूचना दिल्या त्यात अँटेनाच्या उंचीला समोर इमारत असेल तर किती अंतर हवं याचा तक्ताच होता, एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५, आणि असं वाढत बारा अँटेनांना ७५ मीटर. गच्चीवर जाऊन (अँटेनाच्या समोर उभं न राहता, ते पुढे सांगते) बघा की कुठलं पॅनल कुठल्या बिल्डिंगकडे तोंड करून आहे आणि अंतर अंदाजे किती आहे. बहुतेक फोनमध्ये मॅपवर अंतर मोजता येतं. त्या समोरच्यांशी बोला. तुमची बाजू घेणारे लोक तुमच्या सोसायटीत कदाचित नसतील, ते समोर असतील.

मर्यादेचं आता. भारतानं २००८ मध्ये आयसीएनआयआरपी नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मर्यादा स्वीकारली, आणि मग लोकांचा आरडाओरडा, मंत्रालयांची समिती वगैरे होऊन १ सप्टेंबर २०१२ पासून ती दहापट कडक केली. ९०० मेगाहर्ट्झला आधी चौरस मीटरला ४.५ वॉट चालायचे, आता ०.४५. फोनच्या सारची, म्हणजे फोनमधून शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची, मर्यादाही त्याच दिवसापासून किलोमागे १.६ वॉट झाली, तुमच्या हँडसेटवर *#०७# डायल करून आकडा बघता येतो. आपली टॉवरची मर्यादा अमेरिकेपेक्षा खूप कडक आहे आणि हे श्रेय द्यायलाच हवं. बहिणीला सांगा की तिच्याकडे तर उलट आहे, तिकडच्या १९९६ च्या टेलिकॉम कायद्यानं, लहरी केंद्रीय मर्यादेत असतील तर त्यांच्या परिणामांचं कारण देऊन टॉवर नाकारायला नगरपालिकांना मनाईच केली. आणि तिकडची मर्यादाही १९९६ पासून तशीच आहे, ती का बदलली नाही याचं धड स्पष्टीकरण दिलं नाही म्हणून २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं एफसीसीला, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाला, फटकारलं होतं. कोर्टानं मर्यादा चुकीची आहे असं म्हटलं नाही, लोकांना कारण सांगा असं म्हटलं.

आपल्याकडे मर्यादा चांगली आहे, पण ती पाळली जाते का हे आपल्याला कोण सांगतं? मोबाइल कंपनी स्वतः. प्रत्येक टॉवरसाठी कंपनीनं सेल्फ सर्टिफिकेट द्यायचं असतं की आम्ही मर्यादेत आहोत, आणि ठरलेल्या पद्धतीप्रमाणे कित्येकदा मीटर लावायचीही गरज पडत नाही, अँटेनाची पॉवर, उंची, अंतर घालून कागदावर हिशोब बसला की झालं. त्यातल्या थोड्याच टॉवरची दूरसंचार विभागाची माणसं येऊन तपासणी करतात. एकाच सांगाड्यावर दोन-तीन कंपन्या असतील, नंतर ५जी चं आणखी एक पॅनल चढलं असेल, तर सगळ्यांची मिळून बेरीज बघायची असते आणि ती ताजी आहे का हे गच्चीखाली राहणाऱ्याला कोणी येऊन सांगत नाही. मी असं म्हणत नाहीये की कंपन्या खोटं लिहितात. मोजलं तर आकडा बहुतेक खूप खालीच येतो, डब्ल्यूएचओनं २००६ मध्ये सांगितलं होतं की टॉवरजवळ लोकांना मिळणाऱ्या लहरी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या ०.००२ ते २ टक्के असतात, म्हणजे आपल्या दहापट कडक मर्यादेतही तो आकडा विसेक टक्क्यांच्या आत बसतो. मग एवढा चांगला आकडा असेल तर तो जिन्यात नोटीस बोर्डवर का नाही लावत? फ्रान्समध्ये २०१४ पासून कोणीही आपल्या घरात मोजणी मागू शकतो, फुकट, पैसे कंपन्यांकडून घेतलेल्या करातून येतात आणि निकाल नकाशावर सगळ्यांना दिसतो.

आपल्याकडे एक पोर्टल आहे, तरंग संचार, २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालं. त्यावर आपला भाग टाकला की जवळचे टॉवर दिसतात आणि ते मर्यादेत आहेत का ते कळतं, मोजणीची मागणीही करता येते, त्याची फी सुरुवातीला ४००० रुपये ठेवली होती, आजची काय आहे ते पोर्टलवर बघून घ्या. एकटीनं भरू नका. समोरच्या बिल्डिंगमधले चार आणि तुमच्यातले दोन असे मिळून भरा. अर्जात स्वच्छ लिहा की मोजणी आमच्या समोर व्हावी, आणि जागा पण लिहा, तुमची बेडरूम, गच्चीवर मुलं खेळतात तो कोपरा, आणि समोरच्या टॉप फ्लोअरची अँटेनाकडची खिडकी. माणूस येतो, स्टँडवर गोळ्यासारखं टोक असलेलं मीटर उभं करतो, सहा मिनिटांची सरासरी घेतो. त्या सहा मिनिटांत बाजूला उभं राहून आकडा स्वतः वहीत उतरवा, वेळ आणि जागेसकट, आणि शक्यतो संध्याकाळची वेळ मागा कारण तेव्हा सगळे घरी येऊन फोनवर असतात आणि टॉवरवर लोड जास्त असतो.

हे झालं लहरींचं. सोसायटीचं वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर तुमची केस तिथे जास्त पक्की आहे. "कमिटीनं ठरवलं" म्हणजे काय? गच्ची सगळ्या सभासदांची, ती वर्षानुवर्षं भाड्यानं द्यायची तर जनरल बॉडीचा ठराव हवा. त्या मीटिंगची नोटीस कधी निघाली, किती जण हजर होते, मिनिट्समध्ये काय लिहिलंय, हे बघायचा सभासद म्हणून तुम्हाला सहकार कायद्यानं हक्क आहे, फी भरून प्रत पण मिळते. कंपनीबरोबरचं ॲग्रीमेंट मागा. ते रजिस्टर झालंय का, किती वर्षांचं आहे, मध्येच मोडता येतं का, नवीन अँटेना चढवायच्या आधी सोसायटीला विचारणं कंपनीवर बंधनकारक आहे का, गच्ची गळायला लागली तर खर्च कोणाचा. हे वाचल्याशिवाय सेक्रेटरींशी एक शब्द बोलू नका. दिलं नाही तर लेखी अर्ज, पोच, आणि मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार. वीसपैकी चार सभासदांनी सही केली की एक पंचमांश होतात, तेवढ्यांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते.

आणि बिल्डिंग जुनी आहे म्हणालात ना, तर लहरींच्या आधी मी त्या सांगाड्याच्या वजनाची काळजी केली असती. अँटेना, कपाट, बॅटऱ्या, वाऱ्याचा जोर, हे सगळं त्या स्लॅबवर. २०२२ मध्ये केंद्रानं नियम बदलले आणि खासगी इमारतीवर टॉवर लावायला महापालिकेची परवानगी लागणार नाही असं केलं, फक्त काम सुरू करण्याआधी लेखी कळवायचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट जोडायचं. सरकारला नेटवर्क लवकर उभं करायचं होतं हे समजतं, पण त्यामुळे झालं असं की पूर्वी निदान महापालिकेच्या टेबलावर एक फाइल फिरायची आणि नगरसेवकाला तरी कळायचं, आता सामान्य माणसाला टॉवर दिसतो तो उभा राहिल्यावरच. मला हा बदल अजिबात पटलेला नाही. पण ते सर्टिफिकेट तरी महापालिकेकडे जमा असायला हवं, तर कल्याण डोंबिवली महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये, तीस दिवस, आणि मागा की अमुक पत्त्यावरच्या टॉवरची पूर्वसूचना कधी आली, स्ट्रक्चरल सर्टिफिकेटची प्रत द्या, आणि वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांच्या संमतीबद्दल सध्या कुठला नियम लागू आहे त्याची प्रत द्या. दुसरा अर्ज दूरसंचार विभागाच्या मुंबईच्या कार्यालयाला, त्यात सेल्फ सर्टिफिकेटची प्रत आणि ते मोजून दिलंय का हिशोब करून, हे विचारा. सोसायटीला थेट माहिती अधिकार लागू होत नाही, तिथे सहकार कायदाच वापरायचा, लोक यात गोंधळ करतात आणि सेक्रेटरीला आयतं हसायला मिळतं.

रात्रीचं घुं घुं पण सहन करायचं नाही हं. ते कूलिंगचं आहे का जनरेटरचं ते बघा, कंपनीला लिहा, खाली रबरी पॅड टाकून, जागा बदलून बऱ्याचदा आवाज कमी होतो. झोप न लागणं, डोकं जड होणं हे तुम्ही रेडिएशनच्या खात्यात लिहिलंय, पण बेडरूमच्या डोक्यावर रात्रभर मशीन वाजत असेल तर कोणाचंही डोकं दुखेल.

सासूबाईंचं. टॉवर वरती आहे म्हणून पेसमेकर बिघडेल अशी भीती खाली घरात बसलेल्या माणसाला नको. त्यांचा फोन मात्र पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर लांब हवा, ब्लाउजमध्ये किंवा वरच्या खिशात ठेवायची सवय असेल तर मोडा, आणि पेसमेकर ज्या बाजूला त्याच्या उलट्या कानाला फोन. त्यांच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीत एकदा विचारून घ्या. मुलीसाठी पण तेच, फोन हातात असतो तेव्हाच शरीराला सगळ्यात जास्त लहरी मिळतात, आणि रेंज कमी असेल तर फोन जास्त जोर लावतो, हे काकूंना पण सांगा कारण टॉवर लांब गेला की लहरी संपल्या असं त्यांना वाटतंय.

गच्चीवर मात्र एक नियम घरात सगळ्यांना पाठ करवा, पॅनलच्या समोर जवळ जायचं नाही. मागून, खालून ठीक, समोर नको. पॅनल डोक्याच्या उंचीला किंवा त्याहून खाली असेल तर मग ही गोष्ट गंभीर आहे, फोटो काढा, कारण तिथे इशाऱ्याचा बोर्ड आणि माणूस समोर जाणार नाही असा अडसर असायला हवा. उन्हाळ्यात बायका कुरडया-पापड घेऊन वर जातात, मुलं पतंग उडवतात. आणि टाकी धुणारा, वॉटरप्रूफिंगवाले, रंगारी, केबलवाला, हे लोक पॅनलच्या पुढ्यात पाठ लावून तासन्‌तास काम करतात आणि त्यांना त्या डब्यात काय आहे हे कोणीही सांगत नाही. सगळ्या सोसायटीत सगळ्यात जास्त लहरी त्यांच्या अंगावर येतात. गच्चीचं काम काढलं की कंपनीला फोन करून तेवढा वेळ त्या बाजूची अँटेना बंद करायला सांगणं हे सेक्रेटरींचं काम आहे, हे ॲग्रीमेंटमध्ये नसेल तर घालून घ्या.

"रेडिएशन शोषणारे" स्टिकर, चिप, गळ्यातली पदकं काही घेऊ नका. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेनं २०२१ च्या डिसेंबरात ५जी पासून वाचवणारी म्हणून विकलेली दहा उत्पादनं तपासली तर तीच किरणोत्सर्गी निघाली, त्यात लहान मुलांसाठीचं ब्रेसलेट पण होतं. चार वर्षांच्या मुलीच्या हातात असलं काही बांधायचं नाही.

नवऱ्याला काय सांगायचं? त्याची काळजी रास्त आहे, एका जिन्यात राहायचंय. पण तुम्ही टॉवर पाडा म्हणत नाही आहात, तुम्ही ठराव, ॲग्रीमेंट, स्ट्रक्चरल सर्टिफिकेट आणि मोजलेला आकडा मागताय, आणि यात वाकडं वाटण्यासारखं काही नाही. सेक्रेटरींकडे जाताना कॅन्सर हा शब्दच काढू नका, काढलात की ते तुम्हाला घाबरट ठरवून मोकळे होतील आणि कागदाचा विषय बाजूला पडेल. आकडा मर्यादेच्या खूप खाली आला तर तो सगळ्यांना दाखवा, काकूंना आधी. मर्यादेच्या वर आला तर त्याच दिवशी दूरसंचार विभागाकडे लेखी तक्रार, मोजणीची प्रत जोडून, आणि समोरच्या बिल्डिंगच्या सह्या घेऊन. आकडा ठीक पण सर्टिफिकेट नाही किंवा ठरावच झालेला नाही असं निघालं तर उपनिबंधक आणि महापालिका. पहिला अर्ज सोसायटीलाच करा, मिनिट्स आणि ॲग्रीमेंटचा, या आठवड्यातच, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख घेतल्याशिवाय ऑफिसमधून उठू नका.